बिबड्यांवरची भूमिती

दहावीच्या भूमितीच्या पेपरला चार दिवस उरले असताना मी आमच्या घरच्या वर्षभराच्या बिबड्यांवर पायथागोरसचं प्रमेय छापलं.

मुद्दाम नाही छापलं. मुद्दाम म्हणून एवढं मोठं काम माझ्या हातून आजपर्यंत एकही झालेलं नाही. जे काही मोठं झालं ते सगळं चुकून.

बिबडा म्हणजे ज्वारीचा पापड, असं खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, आणि तसं सांगितलं की आमच्याकडच्या बायका नाराज होतात. पापड लाटतात, बिबडा थापतात. दादर ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तीळ, मिरची, लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. त्या शिजलेल्या पिठाला आम्ही घाटा म्हणतो. मग पहाटे, ऊन चढायच्या आत, गच्चीवर धुतलेली जुनी धोतरं अंथरायची आणि त्यावर ओल्या हातानं पातळ गोल थापत जायचं. दुपारी ते वाळले की धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि एकेक बिबडा हलकेच सोडवून घ्यायचा. कापडाच्या विणीची जाळी त्याच्या पाठीवर उमटलेली असते. आमच्या बिबड्यांवर एका वर्षी जाळीबरोबर बाकीचंही उमटलं, एवढंच.

हे सगळं आठवायला यंदा कारण झाली माझी मुलगी. तिची दहावी. जळगावला आमच्या कॉलनीत दोन लग्नं एकाच आठवड्यात निघाली आणि डीजेच्या दणक्यानं खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. भूमितीच्या पेपरआधी तीन दिवसांची सुट्टी होती. तिला घेऊन मी गावी आलो, धरणगावपासून जवळच आहे आमचं गाव. तिथं आता आबा, म्हणजे माझे आजोबा, नाहीत, आई जळगावला आमच्याकडे असते, काका शेतात आणि सुमनकाकू अंगणवाडीत. घर दिवसभर शांत असतं. जुन्या मातीच्या गच्चीच्या, म्हणजे धाब्याच्या, जागी स्लॅब आला आहे, पण गच्चीवरून दिसणारा कडुनिंब तोच. मोहोरही तसाच आला होता. बारीक पांढरी फुलं टाचेखाली चुरडली जात होती आणि तो कडू-गोड वास, जो आला की मला आजही प्रश्नपत्रिका हातात पडल्यासारखं वाटतं, तो गच्चीभर पसरला होता.

मुलगी वर जाऊन बसली आणि पाचच मिनिटांत खाली ओरडली, "पप्पा, या कापडावर काहीतरी लिहिलंय."

काकूनं बिबडे वाळत घातले होते. त्यातलं शेवटचं कापड विरून पातळ झालेलं, कडेला ठिगळ लावलेलं. त्याच्या एका कोपऱ्यात, फार निरखलं तर, ढगातून दिसावा तसा फिकट निळा त्रिकोण होता.

मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. वर चढायचं की खाली उतरायचं ते कळेना.

तेव्हाचं वर्ष मार्चमध्ये सुरू होत असे आणि मार्चमध्येच संपत असे, असं मला वाटतं. बाकीचे महिने नुसते येऊन जात. मार्च मात्र थांबे. सकाळी हवेत अजून गारव्याचा एक धागा असे, दहाला तो तुटे. शेतातून कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर येई. बारा वाजता गल्ली एकदम रिकामी होई, आणि दूर कुठे तरी जिनिंगचा आवाज गुणगुणत राही, पाढे म्हणणाऱ्या झोपाळू मुलासारखा. माठाच्या तोंडावरचं ओलं फडकं, त्याखालचं वाळ्याचं पाणी. उन्हानं तापलेल्या पुस्तकाचा वास, विशेषतः मधल्या पानांचा, जिथं आपण कधी गेलेलो नसतो.

अभ्यासाला मी फेब्रुवारीतच सुरुवात केली होती, म्हणजे अभ्यासाच्या वेळापत्रकाला. चार रंगांची पेनं आणून मी एक तक्ता काढला. पहाटे साडेचार ते सहा गणित, हिरव्या रंगात. तक्त्याला तीन दिवस लागले. त्याला चौकट काढली, चौकटीला वेल काढली, वेलीला पानं काढली. चौथ्या दिवशी साडेचारला आईनं उठवलं तर मी म्हणालो की आज सुरुवात करायला दिवस चांगला नाही. असा चांगला दिवस परीक्षेपर्यंत आला नाही. पण तक्ता सुंदर होता. येणारे-जाणारे पाहात आणि म्हणत, पोरगा हुशार आहे. मलाही ते पटत गेलं.

आणि त्या हुशारीला एक विद्यार्थिनी मिळाली.

सुमनकाकू म्हणजे धाकट्या काकांची बायको, पिंपळनेरकडची, लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. माझ्याहून सातच वर्षांनी मोठी. माहेरी असताना दहावीला बसली, बाकी सगळ्यात पास, गणितात राहिली. पुन्हा बसली, पुन्हा राहिली. मग लग्न झालं. आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई त्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी गावातलीच, दहावी पास सून हवी होती. अशी जागा एकदा भरली की पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणाला मिळत नाही. काकूला ती हवी होती. का, ते तिनं मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं: घरातल्या प्रत्येक खाटेवर कुणाची तरी जागा ठरलेली आहे, तिला एक खुर्ची हवी होती, तिची स्वतःची, दहा ते दोन.

परवानगी आबांची लागायची. आबा कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते अहिराणीत आणि एकदाच. ते म्हणाले, "पेपर देवाना शे ते दे. पन घरनं काम अडाले नको. नि हाई एकच साल." यंदाचं एकच वर्ष. नापास झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही.

तर काकूला शिकवायचं माझ्याकडे आलं. ती मला मास्तर म्हणू लागली. सुरुवातीला थट्टेनं, मग सवयीनं. मी मात्र पहिल्या दिवसापासून ते खरंच मानलं.

अडचण वेळेची होती. मार्च म्हणजे वाळवणाचा महिना. काकूचे हात सकाळपासून पिठात, नाही तर पाण्यात. पुस्तक हातात धरायला हात कोरडा लागतो, आणि तो दिवसातून दोनदाच कोरडा व्हायचा. दुपारी मात्र तिला धाब्यावर राखणीला बसावं लागे, कावळे, चिमण्या आणि शेजारची एक अतिशय चौकस बकरी यांच्यापासून वाळवण सांभाळत. मीही तिथंच असे, कडुनिंबाच्या सावलीत, उघड्या पुस्तकावर डोकं ठेवून. तेव्हा मला युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांबद्दल एक सांगतो: सुचतात तेव्हा त्या फार चमकदार असतात.

आबांचं एक जुनं धोतर घेतलं. कपड्यांना घालायची नीळ वाटीत कालवली. ती ओघळू नये म्हणून तिच्यात बाभळीचा डिंक घातला, ही खास माझी भर. निंबाची काडी चावून तिचा कुंचला केला, आणि धोतरावर बोटाबोटाएवढ्या अक्षरांत सगळी भूमिती उतरवली. काटकोन त्रिकोण, कर्णाचा वर्ग, वृत्तचिती म्हणजे आपला उभा डबा, शंकू, गोल. त्यांची घनफळं. ते धोतर धाब्यावर दोन बांबूंना बांधलं. काकूला सावली झाली आणि सावलीतच अभ्यास. तिचे हात कामात आणि डोळे वर. वारा आला की प्रमेय फुगायचं, काकू वाचत वाचत पुटपुटायची, मध्येच बकरीला हुसकायची, मग पुन्हा कर्णाचा वर्ग. बाजूच्या बायकांना वाटे ती कसलं तरी स्तोत्र म्हणते आहे.

त्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. स्वप्नात आवाज नसतो, फक्त पांढरं कापड असतं, त्याच्या मागे ऊन, त्यावर निळी अक्षरं, आणि काकूच्या चेहऱ्यावरून सरकत जाणारी त्यांची सावली. कपाळावर त्रिकोण, गालावर शंकू. मी तेव्हा तिच्याकडे बघून काय विचार करत होतो? मी विचार करत होतो की आपण किती थोर शिक्षक आहोत.

आमच्या घरच्या बिबड्यांची पाळी आली. गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींकडे थापायला जात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आईनं आदल्या संध्याकाळी माझ्यावर एकच काम सोपवलं होतं: पहाटे धोतरं अंथरायची. आठ धोतरं. खाली सात सापडली. मी डोळे न उघडताच धाब्यावर गेलो, अंधार होता, बांबूवरचं सोडलं, अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि अत्यंत समाधानानं झोपायला गेलो. आठ म्हणजे आठ.

उठलो तेव्हा बायका अंधारातच, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात थापून खाली येऊन चहा पीत होत्या. घाट्याचा गरम, आंबूस, लसणाचा वास घरभर. वाटीत घाटा, त्यावर कच्च्या तेलाची धार. त्याच्यापुढे जगातलं कुठलंही पक्वान्न मी लावत नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या. बायकांच्या तळव्यांना निळसर झाक होती, पण सकाळच्या उजेडात ती कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही. माझं लक्ष तिसऱ्या वाटीकडे होतं.

दुपारी तीनला बायका बिबडे सोडवायला वर गेल्या. सात धोतरं नीट सुटली. आठवं उलटं केलं, पाणी शिंपडलं, आणि पहिला बिबडा हातात आला तेव्हा शेजारच्या गंगूमावशीनं तो टाकूनच दिला. त्रिकोण. त्रिकोणाच्या टोकांना निळी उलटी अक्षरं. दुसऱ्यावर गोल, त्यात रेघ. तिसऱ्यावर नुसती चिन्हं. मावशी चार पावलं मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "करनी शे ही."

कुणी तरी करणी केली. बायकांनी हात पदराला पुसले. सगळ्यांची नजर फिरत फिरत एकाच माणसावर जाऊन थांबली. दीड वर्षापूर्वी लांबून आलेली, दुपारभर धाब्यावर बसून काहीतरी पुटपुटणारी. काकू हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

मी कुठे होतो? निंबाच्या फांदीवर. अभ्यास करत. मला सगळं दिसत होतं आणि सगळं समजलंही होतं, विशेष म्हणजे पहिल्याच क्षणी. समजायला मी कधी कमी पडलो नाही. खाली उतरायला पडलो.

आईनं आबांना बोलावलं. ते काठी टेकत शिडी चढून आले. बिबडा उचलून डोळ्यांजवळ नेला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तीळ ओळखू यावेत एवढी नजर होती.

"काय लिखेल शे आठे? कोनी लिखं?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण त्यातून काही निघायच्या आधी काकू म्हणाली, "मी लिखं, आबा. पेपरसाठे."

आता पाहा काय झालं ते. घरचं काम अडायचं नाही ही आबांची अट, आणि इथं तर अभ्यास घाट्यातच कालवला गेलेला. तिचा पेपर आबांच्या एका शब्दावर उभा होता, आणि हे चौघींसमोर तिनं स्वतःहून अंगावर घेतलं. मी फांदीला एवढं घट्ट धरलं की सालीचे वण संध्याकाळपर्यंत हातावर होते.

आबांनी निळ्या रेघांवरून बोट फिरवलं. मग बिबडा तिच्यापुढे धरून म्हणाले, "मंग माले समजाडी सांग."

काकूनं तो घेतला. अक्षरं उलटी होती. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर सावरला आणि बिबडा उन्हासमोर धरला, त्याची पाठ सूर्याकडे करून. बिबडा पातळ होता. ऊन त्यातून आरपार आलं, आणि निळी अक्षरं सुलट झाली. सगळ्या बायका नकळत मान वाकडी करून बघू लागल्या. मग काकूनं भिंतीला टेकलेली शिडी दाखवली. ही भिंत, हे अंगण, ही तिरकी शिडी. भिंत किती उंच आणि शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब ते ठाऊक असलं तर शिडी केवढी लागेल हे न चढता सांगता येतं, असं ती म्हणाली. आबांनी जन्मभर विहिरीला, माडीला, गंजीला शिड्या केलेल्या. त्यांनी विचारलं, गंजी बारा हात आणि पाय पाच हात लांब, तर शिडी केवढी? काकूनं बोटांवर मोजलं. ओठ हलले. मग म्हणाली, "तेरा."

आबांनी मान हलवली. त्यांची गंजीची शिडी तेरा हातांचीच होती.

तेवढ्यात मी फांदीवरून पडलो. उतरलो असं मी पुढे अनेकांना सांगितलं आहे, पण खरं म्हणजे पडलो. गुडघा फुटला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांची नखं आठ दिवसांपासून निळी होती. त्यांनी माझा हात धरून नखं पाहिली, काकूकडे पाहिलं, आणि निकाल दिला. पेपर ठरला तसा होईल. दादर फेकायची नाही, अन्न आहे. निळे बिबडे वेगळ्या डब्यात. "ज्यानी लिखं त्यानीच खावं."

आणि मी खाल्ले. पुढचं अख्खं वर्ष. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे पांढरे बिबडे खात असताना मी काटकोन त्रिकोण खात होतो.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी ती हसत हसत सांगितली असती. सांगतोही, निम्मी. लोक इथंच हसतात आणि मी इथंच थांबतो. उरलेली निम्मी अशी.

भूमितीच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी काकू माजघरात निळे बिबडे डब्यात भरत होती. प्रत्येक बिबडा डब्यात टाकायच्या आधी दाराच्या उजेडात धरायची, वाचायची, मग टाकायची. तिची उजळणी चालली होती. एका बिबड्यावर ती थांबली. त्यावर दोन आकृत्या शेजारी शेजारी आल्या होत्या, उभा डबा आणि शंकू. दोघांखाली एकच लिहिलेलं, पाय आर वर्ग एच.

ती मला म्हणाली, "मास्तर, डबामा जितलं मावस तितलंच पुडामा कसं मावस?"

मी तक्त्याचे उडालेले रंग पुन्हा भरत होतो. म्हटलं, आहे ते असंच आहे.

ती उठली. कागद शोधला, माझ्याच पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका सापडली. तिचा पुडा वळला, किराणा दुकानात वळतात तसा टोकदार, पण हळदीच्या डब्याच्या तोंडाएवढाच रुंद आणि त्याच्याएवढाच उंच. पुड्यात दादर भरली, डब्यात ओतली. डबा अर्ध्याच्याही खाली राहिला. पुन्हा भरली, ओतली. पुन्हा. तिसऱ्यांदा डबा काठोकाठ झाला, वरून हात फिरवून सपाट करण्याइतका. दाणे सांडण्याचा तो बारीक सरसर आवाज, तीन वेळा. सांजवेळ होती, दारातून निंबाचा वास येत होता, आणि ती उकिडवी बसून त्या डब्याकडे असं बघत होती, जसं कुणी तिला आत्ताच नावानं हाक मारली असावी.

"तीन पुडा," ती म्हणाली. "तीनमा एक."

काकूनं शंकूच्या घनफळातलं एक तृतीयांश शोधून काढलं होतं, ज्वारीनं. ते मी धोतरावर लिहायला विसरलो होतो. पुस्तक हाताशी होतं. उघडून पाहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी म्हणालो, "काकू, तुम्ही दोनदा नापास झाल्यात ना? मग पुस्तकातलं आहे ते गुपचूप पाठ करा. भूमिती दाण्यांवर चालत नाही."

तिनं दाणे कोठीत परत ओतले. पुडा उलगडला, सुरकुत्या हातानं साफ केल्या आणि माझी उत्तरपत्रिका मला परत दिली. त्यावर माझे गुण होते. ते तिनं पाहिले असणार.

या एका वाक्यापायी माझी अख्खी आठवण आंबते. निळीचं मला काही वाटत नाही. फांदीचंही, चला, वय होतं. पण ते वाक्य मी अगदी सहज, मान वर न करता, वेलीच्या पानात हिरवा रंग भरता भरता म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी धरणगावला पेपर. काकांनी दोघांना फटफटीवरून सोडलं. काकूनं हिरवं पातळ नेसलं होतं आणि रुमालात दोन पेनं बांधली होती, जशी भाकरी बांधतात. फाटकाबाहेर पालकांची गर्दी, दही-साखरेच्या वाट्या, कुणाची तरी आजी कुणाच्या तरी कपाळाला अंगारा लावत असलेली. शाळेच्या पोरांच्या रांगेत काकू एकटीच पदर घेतलेली. दोन पोरींनी तिला बाई समजून नमस्कार केला. ती लाजली, आणि मग, मला दिसलं, तिनं तो नमस्कार घेतला.

चौथा प्रश्न शंकूचा होता. धान्याची रास, तिची त्रिज्या, तिची उंची, घनफळ काढा. चार गुण. मी ते इतक्या झोकात सोडवलं की पर्यवेक्षकांनी थांबून पाहिलं. बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाडीशी काकूनं विचारलं, राशीचं काय लिहिलं. मी उत्तर सांगितलं. तिनं ग्लासातला बर्फ जरा हलवला आणि म्हणाली की रस चांगला आहे.

निकाल लागला तेव्हा कैऱ्या पिकायला आल्या होत्या. काकू गणितात काठावर पास झाली. इतकी काठावर, की त्यातून चार गुण काढले असते तर ती तिसऱ्यांदा नापास होती आणि ते एकच साल संपलेलं होतं. म्हणजे तिनं मास्तरचं ऐकलं असतं तर. मी गुणपत्रिका हातात घेऊन ती वजाबाकी केली. नेमकी तेवढी एक वजाबाकी मला बरोबर आली. काकूनं गल्लीभर पेढे वाटले, मला दोन दिले आणि म्हणाली, एक मास्तरचा. मी दोन्ही खाल्ले. माफी मागायची होती, पण तोंडात पेढा होता. मग ते राहूनच गेलं.

त्या जुलैपासून ती अंगणवाडीच्या खुर्चीवर बसते आहे. लाकडाची होती, मग लोखंडी आली, आता लाल प्लास्टिकची आहे. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिच्यासमोर चिवचिवून गेली. तिच्याकडची पोरं डबे आणि पुडे भरून दाणे मोजतात. मी एकदा कामाच्या निमित्तानं तिकडून गेलो तेव्हा खिडकीतून तो आवाज ऐकला होता. सरसर, सरसर, सरसर. तीन वेळा. मी आत गेलो नाही.

तर यंदा, शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून, मी अखेर वर चढलो. काकू अंगणवाडीतून येऊन बिबडे सोडवायला बसली होती. केस पांढरे, हात तेच. मुलगी ठिगळाच्या धोतराशी पालथी पडून निळा त्रिकोण मोबाइलमध्ये टिपत होती आणि हा काय प्रकार आहे म्हणून विचारत होती. मी निम्मी गोष्ट सांगितली. ती हसली. काकूही हसली, पदर तोंडाशी धरून. मग मला वाटलं, आज सांगावी उरलेली. मुलीसमोर. इतक्या वर्षांनी. निंबाचा मोहोर गळत होता, खाली कुणाचा तरी रेडिओ चालला होता, उन्हाची धार ओसरू लागली होती. मी घसा साफ केला. म्हणालो, "काकू, तेव्हा त्या शंकूचं..."

"थांबा पप्पा," मुलगी म्हणाली. तिनं पुस्तक मिटून छातीशी धरलं होतं, डोळे मिटले होते, उजळणी चालली होती. "शंकूवरूनच आठवलं. शंकूचं घनफळ काय हो?"

वर्षभर एखादी चूक रोज जेवणात खाल्ली की ती अंगी लागते. मी विचार केला नाही. मान वर करून, छाती फुगवून, त्या जुन्याच झोकात म्हणालो, "पाय आर वर्ग एच."

काकूनं धोतराच्या मागून पाणी शिंपडलं, एक बिबडा हलकेच सोडवला, उन्हासमोर धरून पाहिला आणि मुलीला म्हणाली,

"बाई, पुस्तक उघडी दख. तुना बाप आजून बी शंकूमा तिप्पट दाना भरस."